खडीचा रस्ता

१९६४ साली नीरेच्या खोऱ्यात ग्रामसेविकेची एकच जागा निघाली. शेवटी दोघी उरल्या, द्वारका आणि कालिंदी. काम गावोगाव फिरण्याचं, म्हणून शेवटची परीक्षा सायकलची: नदीकाठच्या खडीच्या रस्त्यानं पुलापर्यंत जायचं. पाय टेकला की नापास. वडिलांनी द्वारकेला बजावलं होतं, "जागा हुकली, तर तुळशीच्या लग्नानंतर तुझा बार उडवतो."

कालिंदीनं पंप मारून चाकं टणक केली. द्वारका मात्र चाकांतली थोडी हवा सोडू लागली.

"अगं बये, डोकं फिरलं का?" वडील ओरडले.

"दादा, टणक चाक खडीवर उडतं. दोन वर्षं याच रस्त्यानं तुमच्या दुधाचा रतीब मीच घालतेय."

उतारावर कालिंदी घसरून आडवी झाली. द्वारकेनं ब्रेकला हात घातला, तशी गुडघा धरून कालिंदीच ओरडली, "थांबू नकोस! एकीनं तरी पोचायला हवं!"

द्वारका पाय न टेकता पुलाशी पोहोचली.

कालिंदी पुढच्या वर्षी शेजारच्या तालुक्यात लागली. द्वारकेनं तिशीत, आपल्या पसंतीनं लग्न केलं. वडील वारले तेव्हा तिच्या कामाच्या चौदा गावांतून माणसं आली. निम्मी त्यांना 'बाईंचे वडील' म्हणूनच ओळखत होती.