श्रेयसच्या जागी

अपघातात गेलेल्या श्रेयसच्या वाढदिवसाला शिवाजी पेठेतले त्याचे मित्र मोटरहोम घेऊन पन्हाळ्याला निघाले. त्याच्या वडिलांना, नेमगोंडा आप्पांना, त्यांनी आग्रहानं सोबत घेतलं.

घाटात आप्पा शेजारी बसलेल्या वीरेशला म्हणाले, "श्रेयस, काच वर घे की. गार लागतंय."

वीरेशनं काच वर घेतली. "व्हय, आप्पा."

आप्पांनी त्याचा हात धरला. "त्या दिवशी लई दुखलं का रे, बाळा?"

त्या दिवशी मदत येईपर्यंत श्रेयसचं डोकं वीरेशच्याच मांडीवर होतं.

"न्हाय, आप्पा. कळलंबी न्हाय."

"मग बरं," म्हणून आप्पा कितीतरी दिवसांनी निवांत झोपले. वीरेशच्या कानात मात्र श्रेयस अजून आप्पांनाच हाका मारत होता.