सुरांमधली जागा

कानाचं मशीन परत करायची मुदत आज संपत होती. बाबांनी ते डबीत घालून माझ्यापुढे सरकवलं. "यापेक्षा बहिरा बरा." वाद्यवृंदात हयात घालवलेल्या माणसाला त्यातून सगळी वाद्यं कोसळत्या भांड्यांसारखी ऐकू येत. "एक अल्बम ऐका, मग नेते," मी म्हणाले. कुरकुरत त्यांनी ते कानात चढवलं. अल्बममध्ये फक्त पियानो होता: एकेक सूर, मध्ये ऐसपैस जागा. "एकच सूर?" आई म्हणाली. "बाकीचे रजेवर गेलेत?" बाबा पुढे झुकले. दुसरा सूर वाजून खोली शांत झाली. "बंद पडलं बघ," आई पुटपुटली. बाबांनी हात वर केला. "थांब. विरतोय अजून." आम्ही कान टवकारले. अगदी तळाशी सूर खरंच शिल्लक होता. अल्बम संपल्यावर त्यांनी रिकामी डबी मला दिली. "टाकून दे. तुम्ही दोघीही असंच बोला, एकेकीनं."