मोकळी गल्ली

अक्का दाराबाहेर पडली आणि गल्लीच नाहीशी झाली.

रोज उंबऱ्यापासून सात पावलांवर शिंप्याचं बाकडं काठीला लागायचं, मग पंक्चरवाल्याचं पिंप, मग कोपऱ्यावरच्या मावशींच्या कुंड्या. जन्मात कधी न पाहिलेली गल्ली तिला अशी तोंडपाठ होती. आज काठी नुसती पुढे पुढे जात राहिली, झोपेत चालावं तशी. शिलाई मशीनचा आवाज नाही, हवेच्या पंपाचा नाही. जणू कुणी गल्लीची घडी घालून ट्रंकेत ठेवून दिली होती.

आज तिचा गल्लीच्या टोकाच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यातला पहिला दिवस. छापील कागद दुमडायचं काम. तिच्यासाठी शब्द टाकायला सगळी गल्ली मालकाकडे, बाइंडरकडे गेली होती. तो म्हणाला होता, आठच्या भोंग्याला दारात हजर हवी, आणि एकटी. हात धरून आणायला माणूस लागणार असेल तर आत्ताच राम राम.

काठी हवेत फिरली. आपण पुढे चाललोय की घराकडे परत, तिला कळेना. तेवढ्यात शेजारी कुणीतरी खोकला दाबला. तो खोकला तिच्या ओळखीचा होता.

"शिंपीकाका, तुमचं बाकडं कुठंय?"

"आत घेतलं गं," काका ओशाळून म्हणाले. "सगळ्यांनीच घेतलं सामान आत. हात धरायचा नाही म्हणाला ना तो, म्हटलं वाट तरी मोकळी असावी."

"अहो काका, त्याला काठी आपटूनच तर मी वळते."

मावशींनी कोपऱ्यावरच्या दारातून सुनावलं की ही अक्कल काकांचीच. काकांनी विचारलं, कुंड्या सगळ्यांच्या आधी कुणी उचलल्या? भांडता भांडता बाकडं फरशीवर घासत बाहेर आलं. पिंप गडगडत आलं, कुंड्या आल्या. अक्का मधोमध मान कलती करून ऐकत उभी राहिली. पिंप वीतभर अलीकडे घ्या, एवढंच तिनं सांगितलं.

मशीन सुरू झालं. तिनं काठी पुढे टाकली.

भोंगा अजून व्हायचा होता, आणि भोंग्याआधी बाइंडर कामाला हात लावत नसे. पण गल्लीच्या पार टोकाला, त्याच्या दारातून, लाकडी हातोडी पुस्तकाच्या पाठीवर पडू लागली होती. सावकाश, एकेक ठोका, मध्ये तिच्या एका पावलाएवढी जागा सोडून.