आमोद घरी यायची वेळ

दिवेलागणीला चैतालीने हॉलमधला मंद दिवा लावला, आमोदच्या आरामखुर्चीवरची उशी नीट केली आणि आलं घालून नवऱ्यासाठी चहा ठेवला. लेकीने, स्पृहाने, सगळी खेळणी पलंगाखाली सरकवली. शेजारच्या काकू नेहमी म्हणायच्या, "किती शांत घर आहे गं तुमचं!"

लिफ्ट थांबली, तशी चैताली दारापाशी जाऊन उभी राहिली. परवा चहा कोमट निघाला होता आणि तिच्या मनगटावरचा वळ अजून गेला नव्हता. स्पृहा श्वास रोखून तिला बिलगली.

पण दार वाजलं नाही, फोन वाजला. "आज खराडीलाच अडकलोय. उद्या येतो," एवढं बोलून आमोदने फोन ठेवला.

चैतालीने चहाखालचा गॅस बंद केला.

 

स्पृहाने हळूच विचारलं, "आई, मग आज मोठ्यांदा हसलं तर चालेल?"