दुसरा वाडगा
“मी गेल्यावर माझा भाताचा वाडगा बाबांच्या शेजारीच ठेव गं. देआनला कळू देऊ नकोस,” स्वतःच्या बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी मेइशानकडून केस विंचरून घेताना आई म्हणाली होती. कबरी झाडायच्या सणाला मेइशाननं बाबांच्या कबरीपुढे भात वाढला. शेजारी आईसाठी राखलेल्या जागेत गवत माजलं होतं. तिला चर्चच्या दफनभूमीत पुरलं होतं. धाकटा भाऊ देआन, चर्चचा पाळक, हसला. “भुतांना जेवू घालतेस, ताई? आईकडून शिक जरा. म्हातारपणी का होईना, येशूकडे आली.” मेइशाननं गवतावर दुसरा वाडगा ठेवला. “हा कुणाचा?” “आईचा.” “ती स्वर्गात आहे. बाबा तिथं नाहीत.” “तिलाही तू हेच सांगितलंस,” मेइशान म्हणाली. “तरी तिनं डोक्यावर पाणी घेतलं. पाळकाचीच आई पितरांपुढे वाकते म्हणून लोक हसायचे ना तुला! येशूसाठी नव्हे रे, तुझ्यासाठी बाबांना सोडलं तिनं.”