तेराचं अ‍ॅव्हरेज

टाकी गळ्यापर्यंत भरली तरी नानासोंचं समाधान झालं नाही.

"जीप हलवा," ते म्हणाले.

पंपावरचा पोऱ्या धुळा आणि नानासोंचा भाचा अर्जुना यांनी जीप दोन्ही बाजूंनी धरून गदागदा हलवली. फेस खाली बसला आणि आणखी थोडं डिझेल मावलं. मग नानासोंनी झाकणावर कागदाची पट्टी चिकटवली, तिच्यावर स्वतःची सही केली आणि ड्रायव्हरकडं वळले.

"सोपान, कराडच्या पुलापतूर जायाचं आन् माघारी फिरायचं. हितंच परत टाकी फुल्ल करायची. दुसऱ्यांच्या जीपा लिटरला बारा-तेरा किलोमीटर देत्यात. आपली दहाच्या वर जात न्हाई. गाडीत खोट हाय का माणसात, ते आज कळू दे."

पलीकडं एसटीडी बूथपाशी चार ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यांनी इकडं कान टवकारले. आष्ट्यात ज्याच्यावर डिझेल विकल्याचा डाग पडतो, त्याच्या हातात परत कुणी किल्ली देत नाही. सोपानलाही ते ठाऊक होतं.

"चालंल मालक," तो म्हणाला.

साक्षीला अर्जुना शेजारी बसला.

सकाळी निघताना बायकोनं, बाळाबाईनं, एवढंच सांगितलं होतं, "तुमी खरं हायसा. मग भ्यायचं कशाला? जपून चालवा." सोपाननं उजाडतानाच चारही चाकांत हवा भरून घेतली होती. आता इस्लामपूर मागं पडेपर्यंत त्यानं काटा चाळिसाच्या पुढं जाऊ दिला नाही. पुढं उसाची ट्रॉली आली, तर तो तिच्या मागं मागं राहिला. बैलगाडी दिसली की लांबूनच अ‍ॅक्सिलेटरवरचा पाय काढायचा, म्हणजे ब्रेक लावायची वेळच येत नव्हती. पेठ नाक्यावर गर्दी होती, तिथं त्यानं इंजिन बंद करून टाकलं.

एरवी या शेजारच्या सीटवर नानासो असायचे. घरातून अर्धा तास उशिरा निघायचे आणि कासेगाव येईपर्यंत डॅशबोर्डावर हात आपटायचे, "दाब रं, दाब. कुठं गाठायची ती येळ?" सहा वर्षांत ही जीप सोपानला मनासारखी चालवायला मिळालीच नव्हती. आज ती अशी चालली होती की अर्जुनाला पेंग यायला लागली.

"सोपानदा, वरात बी हिच्यापक्षा जोरात जाती गड्या."

"जाऊ दे की. आपल्याला कुठं नवरी आणायचीय?"

दोघंही हसले. कराडचा पूल आला, जीप फिरली आणि तशीच सावकाश माघारी लागली.

नानासो पंपावरच खुर्ची टाकून बसले होते. आधी त्यांनी झाकणावरची सही बघितली, बोट फिरवून पट्टी बघितली. मग धुळानं डिझेल सोडलं. मशीनचे आकडे फिरले. जीप पुन्हा हलवली, पुन्हा थोडं घातलं. आकडा सात लिटरवर थांबला. किलोमीटर ब्याण्णव झाले होते.

धुळानं बोटांवर हिशेब केला. "तेरा पडलं की मालक! तेराच्या बी वर."

निकाल बघायला परत चहा घेऊन थांबलेल्या त्या चार ड्रायव्हरांपैकी कुणीतरी शीळ घातली. सोपानच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो मोठ्यानं हसला आणि त्यानं जीपच्या पत्र्यावर थाप मारली.

नानासो हसले नाहीत.

"तेरा," ते म्हणाले. "म्हंजी गाडीत खोट न्हाई."

"अजिबात न्हाई मालक. लय गुणाची हाय."

"मग रोजचं डिझेल कुठं जातंय?"

सोपानच्या तोंडावर हसू होतं, ते तसंच राहिलं. आपण काय करून बसलो हे कळायला त्याला क्षणभर वेळ लागला.

"आवं मालक, रोज तुमी संगं असता. दाब म्हणता. दाबली की ती पिती. ट्रॉली आली की तिच्या म्होरं काढ म्हणता, काढली की लगीच ब्रेक. त्यातच जातंय सगळं. आज म्या नुसती—"

"म्हंजी चोर मी व्हय?"

ज्यांना यातलं सगळं कळत होतं ते चौघंही आपापल्या कपात बघत राहिले. त्यांचेही मालक होतेच.

"अर्जुना, तू सांग. कशी चालवली?"

अर्जुनाला सोपानचं भलंच करायचं होतं. तो मनापासून म्हणाला, "लय झ्याक चालवली मामा. अशी चालवताना मी ह्याला कवाच बघितलं न्हाई."

"ऐकलंस?" नानासोंनी हात पुढं केला. "किल्ली."

सोपाननं किल्ली दिली.

नानासोंना सांगलीला जायचं होतं. त्यांनी अर्जुनाला स्टिअरिंगवर बसवलं. जीप धक्का देत सुटली, मागं काळ्या धुराचा लोट आला. ती चौकाकडं वळली तरी पहिल्याच गिअरमध्ये किंचाळत होती. दुसरा टाकायची वेळ केव्हाच टळली होती.

रस्त्याकडेला उभ्या असलेल्या सोपानचा डावा पाय, क्लचवर असल्यासारखा, आपोआप मातीत दाबला गेला.