ओला पंचा

"बाबा, हे काय चाललंय?"

भर दुपारी ऋता गच्चीवर आली, तर श्यामराव उकिडवे बसून तिच्या सौर पॅनेलखाली ओला पंचा सरकवत होते. शेजारी बादली. डोक्यावर टोपी नाही की काही नाही.

पॅनेल केवढं, तर ताटाएवढं. त्यातले पेरोव्हस्काइट या स्फटिकाचे सेल ऋतानं स्वतः बनवलेले. एरवी त्यात शिसं असतं, पण ते विषारी, म्हणून त्याच्या जागी तिनं कथील घातलं होतं. पण तापले की त्यांची वीज घटायची, हेच दुखणं. ऐन वैशाखात कोलकात्यातल्या सॉल्ट लेकच्या या गच्चीवर ते टिकले, तर जर्मनीतली प्रयोगशाळा तिला बोलावणार होती. केयूर, तिचा नवरा, दोन वर्षं तिथंच होता. त्याच्याकडे जायला तिचा जीव तुटत होता, पण नुसती बायको म्हणून हात हलवत जायचं नाही, हा तिचा हट्ट. बाबांना यातलं काही सांगायचा धीर तिला झाला नव्हता. आई गेल्यावर त्यांना दुसरं होतं कोण?

आणि सेल टिकले होते की. पंधरवडाभर दुपारची वीज जराही घटली नाही. आनंदाच्या भरात पॅनेलच्या तापमानाकडे कुणी बघितलंच नाही. आज लॅबमध्ये तिनं बघितलं. भर दुपारच्या उन्हात पॅनेल सकाळइतकं गार. ती तशीच ऑटो करून घरी आली.

"अगं, तूच म्हणालीस ना, तापले की बिघडतात," श्यामराव म्हणाले. "माठाला गुंडाळतो तसा पंचा लावला. प्रयोग फसला तर तू इथं कशाला थांबशील? केयूररावांकडे निघून जाशील. मग हे घर मला खायला उठेल गं."

घ्या. करायला गेले एक नि झालं भलतंच. ऋताला रागवावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. ती त्यांच्याशेजारी बसली.

"उलटं आहे, बाबा. सेल उन्हात टिकले तरच मी जाणार होते. आता हे आकडे खोटे ठरले. पाठवता यायचे नाहीत."

म्हणजे लेक राहणार. श्यामरावांना हवं होतं तेच झालं होतं. तरी त्यांनी पंचा ओढून काढला, बादलीत बुडवला आणि न पिळताच पुन्हा पॅनेलखाली सारला.

"मी कुणाला सांगणार नाही," ते म्हणाले. "तू जा."